बरकतभाई घाटात बसणार नाहीत

चाकणच्या बरकत मिस्त्रींची एक रीत आहे. ज्या गाडीचं काम केलं, तिच्या पहिल्या घाटाला ते स्वतः गाडीत बसतात, तेही पुढच्या सीटवर. गिऱ्हाइकाला याहून मोठी हमी नको असते.

माझे मामा हिंदुराव यांचा मात्र कुठल्याच मिस्त्रीवर विश्वास नाही. त्यांनी जुन्या पेट्रोल मोटारीत डिझेल इंजिन बसवून घेतलं आणि चाकण-मंचर उतारू न्यायला लागले. डिझेलचं काम जाणणारे हात मोजकेच. त्यांतल्या पुण्याच्या एकाने मामांच्या इंजिनाचं डिझेल फवारणारं चांगलं नोझल काढून कुणाचं तरी झिजकं बसवलं. गाडी महिनाभर एवढा धूर सोडायची, की चाकणची पोरं तिला आगगाडी म्हणायची. तेव्हापासून मामांनी नवी युक्ती काढली. गाडीच्या प्रत्येक नटाला शेंदराचा ठिपका. ठिपका मोडलेला दिसला, की समजायचं कुणीतरी आपल्या मागं हात मारला. त्या गाडीला आता फक्त नारळ फोडायचा राहिला होता.

ही गोष्ट छप्पन सालच्या उन्हाळ्यातली. सुनेच्या माहेरी, मंचरला, मामांच्या पहिल्या नातवाचं बारसं होतं. रुक्मिणीमामी, शेजारच्या छबूबाई आणि आणखी चार बायका जाणार होत्या. आदल्या दिवशी बरकतभाईंनी नोझल साफ केलं, पंप लावून दिला. मामा स्टूल टाकून समोर बसलेले, जेवायलाही उठले नाहीत.

सकाळी बरकतभाईंच्या आवारासमोर बायका गाडीत बसल्या. मामींच्या मांडीवर बाळंतविडा, छबूबाईंच्या हातात खेळणं. मामा म्हणाले, "बसा बरकतभाई, चला."

बरकतभाई हात पुसत उभेच राहिले. "मी येत नाही."

"का?"

"इंजिन नीट झालं. ब्रेकच्या नळीला तुम्ही हात लावू दिला नाहीत. शेंदूर आहे म्हणालात."

"ब्रेकला काय धाड भरलीय? इंजिन तेवढं डिझेलचं हाय, ब्रेक त्योच जुना."

"त्याचंच म्हणतोय. इंजिन जड आहे, खाली लोंबतंय. नळी कशाला तरी घासतेय असं वाटतं. वाटतं म्हणतोय. उघडल्याशिवाय कसं सांगू?"

"म्हंजे उघडायचं, आन मग म्हनायचं ही नळी गेली, ती नळी गेली. मला म्हाईत न्हाई व्हय?"

मामांनी इंजिन सुरू केलं. धूर अजिबात नव्हता, आणि त्यामुळे मामांचा चेहरा जास्तच ताठ झाला. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. डाव्या दाराकडची जागा रिकामी होती. मी तिच्याकडे बघत नव्हतो आणि मामाही बघत नव्हते.

मागून मामींचा आवाज आला. "बरकतभावजी कुठं बसनार?"

"न्हाई येत ते."

"घाटाला बी न्हाई?"

मामींनी बाळंतविडा उचलला आणि खाली उतरल्या. "मग मी बी न्हाई. नातवाचं तोंड बघायचंय मला, दरी न्हाई बघायची." छबूबाई उतरल्या. मग बाकीच्या उतरल्या. रस्त्याकडेला सहा नऊवाऱ्या उभ्या, आणि सुरू असलेल्या गाडीत मामा आणि मी. मलाही उतरावंसं वाटत होतं, पण मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

बराच वेळ इंजिन तसंच धडधडत होतं. मग मामांनी ते बंद केलं आणि ते गाडीखाली सरपटत शिरले. स्वतःचा शेंदूर स्वतःच्या नखाने खरवडला. "घ्या. उघडा," खालूनच म्हणाले.

नळी इंजिनाच्या आधाराच्या लोखंडावर घासून पातळ झाली होती. बरकतभाईंनी तिथं बोट टेकवलं. बोट ब्रेकच्या तेलाने ओलं झालं. ते त्यांनी मामांपुढे धरलं आणि मामांनी पाहून घेतल्यावरच फडक्याला पुसलं. आवारात पडलेल्या एका लॉरीची नळी काढून बसवली. मी पायाने ब्रेक दाबत होतो, बरकतभाई खालून नळीतली हवा काढत होते. बारशाची वेळ जवळ येत होती आणि मामी दर थोड्या वेळाने आभाळाकडे बघत होत्या.

खेडचा घाट चढून आम्ही उतरणीला लागलो. बरकतभाई आता माझ्या डावीकडे होते, डोळे मिटलेले. मागं छबूबाई कुजबुजल्या, "बघा, झोपले. काळजी न्हाई." बायकांच्या गप्पा सुरू झाल्या.

मला मात्र खाली दिसत होतं. पहिल्या वळणाला मामांनी ब्रेकवर पाय ठेवला, तेव्हा बरकतभाईंचा पायही तळाच्या पत्र्यावर गच्च रुतला. पायाची बोटं पांढरी पडली होती. गाडी मंदावली, वळली. पाय सैल झाला. दुसऱ्या वळणाला पुन्हा तेच.

मामांनीही ते पाहिलं. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "पत्रा फाटंल माझा. पाय काढा की."

डोळे न उघडता बरकतभाई म्हणाले, "घाट संपू द्या."

मामांनी मान हलवली आणि पुढच्या वळणाला जरा आधीच ब्रेक दाबला.