हरणाक्काच्या चपला

हरणाक्का म्हंजी माझी थोरली जाऊ. आमच्या तेर गावात शेरडं राखायची. पंधरा दिसाखाली वीज पडली, ती गेली, संग दोन शेरडं बी गेली. भावकी म्हणती, नवस मोडला म्हणून देवानं नेली. म्हणून म्या लिहितेय. चौथी शिकलेय, चुकलं तर चुकू द्या.

तिचा नवरा लिंबाजीभावजी एचआयव्हीनं गेलं. तिला बी निघाला. पोरगी आरोही तवा दोन वर्साची. अक्का सोनारीच्या काळभैरवाला बोलली, पोरीला हे नसंल तर जलमभर पायात घालणार न्हाय. पोरगी चांगली निघाली. तवापसनं अक्का अनवाणी. काट्यात, चिखलात, लोकं परसाकडला बसत्यात त्या रानात बी.

एचआयव्हीची गोळी एक दिस चुकवली न्हाय, म्या बघितलंय. तरी रक्तातल्या पेशी वाढंनात. गोळ्या देणारी बाई म्हणली, "खात न्हाईस तू, खोटं बोलतीस."

अक्का म्हणली, "बाई, रिकामी डबी दावली. आता गिळलेली गोळी दावू का?"

अशी आठ वर्सं गेली, मग नवा डॉक्टर आला. त्यानं आधी पाय बघितलं. संडास तपासली, तर जंत. उघड्या पायातनं शिरणारं, रगत पिणारं. म्हणला, "मावशी, अंगातली फौज जंतांशी भांडण्यात गुंतली असंल, म्हणून एचआयव्हीपुढं कमी पडत असंल. जंत काढू. पेशी वाढतीलच असा शब्द देत नाही. पण चप्पल घाला, नाहीतर परत शिरतील."

अक्का तीन दिस नीट जेवली न्हाय. सासूबाई म्हणल्या, "घालून बघ. पोरीचं काय झालं तर तोंड दावू नको."

चवथ्या दिशी सोनारीला गेली. म्या संग व्हते. देवाम्होरं मोठ्यानं म्हणली, "पोरगी राखलीस, आता तिची आय बी राख. म्या घालणार. राग आला तर माझ्यावर काढ, पोरीवर न्हाय." भायेर येऊन रबरी चप्पल घातली.

पेशी हळूहळू वाढल्या. जंत गेल्यानं का कशानं, डॉक्टर बी ठाम सांगत न्हाय. पर अक्का नऊ वर्सं ताठ जगली. आरोही आता नर्सिंगला हाय.

मढं उचलताना भावकीतलं चुलतसासरं दगडोबामामा म्हणलं, "चपला ठिवू नका संग. देवाची माफी मागा."

म्या म्हणलं, "मामा, नऊ वर्सं लागली व्हय देवाला राग यायला? अन् शेरडांनी कुठला नवस मोडला व्हता?"

आरोहीनं चपला ओढणीनं पुसल्या, आईच्या पायात घातल्या. तशीच नेली तिला.