ताईचा पहिला दिवाळसण

लढाईच्या दिवसांतली ती दिवाळी. वडील चिखलीच्या एका कापसाच्या जिनात कारकून होते. त्या साली जिन सुरूच झाला नव्हता, त्यामुळं कैक महिने घरात पगार नव्हता. आणि ताईचा पहिला दिवाळसण तोंडावर आलेला.

आईनं दसऱ्यापासूनच हात आखडला. आम्हा धाकट्या दोघींना नवं परकर-पोलकं नाही, चहा बंद, कंट्रोलची साखर कुलपात. दोन दिवस रांगेत उभं राहून तिनं जावयासाठी धोतरजोडी मिळवली. अंगठीसाठी कानातल्या बुगड्या मोडल्या. जावयांना घड्याळ हवंय, हे ताईनं माहेरी आल्या दिवशीच चाचरत सांगितलं होतं. पुढल्या साली पाहू, असं आई म्हणाली आणि करंज्यांचं सारण ढवळत बसली.

जावई आले. जेवले, पण धड बोलले नाहीत. लक्ष्मीपूजनाला वडिलांनी अंगठी पुढं केली. त्यांनी ती नुसती पाहिली आणि पाटावरच राहू दिली. पाडव्याला सकाळी ताई न्हाऊन, ओवाळायचं ताट घेऊन बाहेर आली, तोवर ते मोटारस्टँडवर गेलेसुद्धा होते. वडील तसेच अनवाणी मागं धावले. मोटार हलेपर्यंत ते हात जोडून उभे होते, हे आम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं. मागाहून न्यायला येतो म्हणाले, एवढंच वडिलांनी घरी येऊन सांगितलं.

न्यायला कुणी आलं नाही. वडिलांच्या पत्रांना उत्तरं आली नाहीत. उन्हाळ्यात ताईच्या सासरच्या गावाहून आलेल्या कासारानं तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केल्याचं सांगितलं. आई आमच्या हातांत बांगड्या भरून घेत होती. तिनं त्याचे पैसे दिले, त्याला पाणी दिलं, आणि तो गेल्यावर चुलीपाशी जाऊन बसली.

"मी अजून थोडं वाचवलं असतं तं घड्याळ झालं असतं," ती ताईला म्हणाली. "तुयं घर राह्यलं असतं, माय."

"घड्याळावर थांबले असते का ते?" ताई म्हणाली. "पुढच्या सणाले सायकल मागितली असती."

आईला ते कधीच पटलं नाही. पुढं वडिलांना काम मिळालं, आमची लग्नं झाली. ताई त्याच घरात म्हातारी झाली. नव्या माणसानं विचारलं, तर चार दिवस माहेरी आले आहे, असं सांगायची.