पोपटी धागा आणि चार कार्बोरेटर

दोन नंबरचा सिलिंडर परत मेला, तेव्हा हातातला स्क्रू ड्रायव्हर मी भिंतीवर फेकून मारला. पलीकडून शारदाआक्का ओरडल्या, “बाळू, भिंत पाडतोस काय रं?”

माझं गॅरेज वडगावात. भिंतीपलीकडं आक्कांचे दोन पॉवरलूम. सकाळी सुरू झाले की दिवसभर खडाखड. त्या आवाजातूनही इंजिनचं दुखणं मला ऐकू येतं, असा माझा तोरा होता. त्या शनिवारी तो पार उतरला.

गाडी म्हणजे चार सिलिंडरची, जुनी जपानी मोटरसायकल. मालक निपाणीचे रिटायर्ड हेडमास्तर. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांची मुलगी सुजाता डॉक्टर आहे. लहानपणी ती याच गाडीच्या टाकीवर बसून शाळेला जायची. अलीकडं ती धड चालेना. तीन मेकॅनिकांनी हात टेकल्यावर आप्पा वैतागले आणि पुण्याच्या एका हौशी माणसाला त्यांनी शब्द दिला: रविवारी दुपारी या, घेऊन जा. तोवर गाडी धड चालली तरच आप्पा त्याला नाही म्हणणार होते. शुक्रवारी सुजातानं गाडी टेम्पोत घालून माझ्याकडं आणली आणि मला म्हणाली,

“अण्णा, मला ही गाडी जाऊ द्यायची न्हाय. आता तुम्हीच काय ते बघा.”

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला पाजणारा डबा. या गाडीला असे चार. चौघांनी सारखं ओढलं पाहिजे, नाहीतर चार बैलांत एक बसला की औताचं जे होतं ते होतं. प्रत्येकाच्या तळाशी पेट्रोलची वाटी असते. वाटीत बुडालेली पितळेची बारीक नळी म्हणजे पायलट जेट. गाडी उभी असताना इंजिन चालू राहतं ते त्या जेटवर. त्याचं भोक सुईपेक्षा बारीक असतं.

शुक्रवारी चारही उघडून साफ केले. दहा मिनिटं झकास चालली, मग दोन नंबर मेला. परत उघडून साफ केले. या वेळी तीन नंबर गेला. शनिवारी सकाळी तिसऱ्यांदा उघडले, तर परत दोन नंबर! बिघाड असा जागा बदलतो होय? माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात सुजाताचा फोन आला.

“अण्णा, पुण्याचा माणूस उद्या बाराला पोचतोय. काय सांगू आप्पांना?”

“सकाळी गाडी घेऊन येतो म्हणून सांगा,” मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे.

चौथ्यांदा खोललं. जेट काढून दारातल्या उन्हात धरला आणि डोळा लावला. भोकात केसाएवढं काहीतरी अडकलं होतं. टाचणीनं अलगद ओढलं. पोपटी धागा!

मी तसाच पलीकडं धावलो. आक्कांच्या मागावर साडी चढली होती. पोपटी. दारातून येणाऱ्या उन्हात त्याच रंगाच्या सुताची बारीक तूस उडत होती आणि मधल्या झरोक्यातून सरळ माझ्या गॅरेजात येत होती. मी वाट्या उघड्या ठेवून साफ करत बसायचो आणि तूस वरून आत पडायची. म्हणजे जेवढ्या वेळा साफ केलं, तेवढ्या वेळा मीच घाण घातली होती. तीस वर्षं हेच काम करणारा मेकॅनिक!

“आक्का, तासभर माग थांबवा की.”

“खुळा का काय? साडी अर्ध्यात हाय. मधी थांबवलं की तिथं पट्टी उमटती.”

मी हात जोडणार, इतक्यात वीज गेली. दोन्ही माग गप्प झाले. आक्का कपाळाला हात लावून बसल्या. मी मात्र उडीच मारली.

“दात काय काढतोस? गेली की माझी साडी!”

त्यांचीच एक जुनी साडी मागून घेतली, भिजवली आणि झरोक्यावर टांगली. टेबल ओल्या फडक्यानं पुसलं. मग एकेक जेट धुवायचा, फुंकायचा, उन्हात बघायचा आणि वाटी लगेच बंद. एक, दोन, तीन. साऱ्या वडगावात वीज येऊ नये म्हणून देवाला विनवणारा मी एकटाच असेन. चौथ्या वाटीचा शेवटचा स्क्रू आवळला आणि पलीकडं खडाखड सुरू झाली.

मग जुळवणी. सलाइनच्या चार नळ्यांत तेल भरून त्या चार सिलिंडरना जोडतो. कोण जास्त ओढतो ते तेलाच्या उंचीवरून कळतं. स्क्रू फिरवत फिरवत चारही नळ्यांतलं तेल एका रेषेत आणलं. इंजिनची थरथर थांबली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तास झाला. एकही सिलिंडर मेला नाही. त्या खडखडाटातही तो एकसारखा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. आक्का दारात येऊन म्हणाल्या, “आता कसं गोड वाजतंय!”

रविवारी सकाळी वाटेतला तवंदी घाट चौथ्या गियरमध्येच चढलो. एकटाच मोठ्यानं हसत होतो. निपाणीत पोचलो तर पुण्याचा माणूस आधीच येऊन बसलेला, समोर चहा. आप्पांनी गाडी सुरू केली. मग पाहुण्यांपुढचा कप उचलून त्यांनी टाकीवर ठेवला. चहा हलला नाही.

तोच कप पाहुण्यांच्या हातात देत आप्पा म्हणाले, “पाव्हणं, चहा घ्या. गाडी न्हाय मिळायची.”

सुजाता केव्हाच मागच्या सीटवर बसली होती.

यातून मी एवढंच शिकलो की कार्बोरेटर उघडण्याआधी आपण कुठं बसलोय ते बघावं. आक्का अमावस्येला माग बंद ठेवतात, म्हणून हे काम मी आता अमावस्येलाच करतो. मला मांत्रिक समजून दारात लिंबू-मिरची शोधणारी गिऱ्हाइकं तेवढी वाढली आहेत.