लोर्ना स्टिडमचं आभाराचं कार्ड

समजा, तुमच्या हातात पोस्टकार्डाएवढा कोरा कागद आहे. ज्यानं तुमच्यावर उपकार केले त्याचे आभार मानायचेत, आणि जाबही त्यालाच विचारायचाय. जागा चार ओळींची. सुरुवात कशी कराल?

वेस्ट व्हर्जिनियातल्या आमच्या खाणगावात लोर्ना स्टिडम असं कार्ड पुढ्यात घेऊन तीन दिवस बसली होती. वय सदुसष्ट. सव्वीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना शिजवून वाढलं. तिचा नवरा व्हर्जिल कोळशाच्या खाणीत होता. धुळीनं त्याची फुप्फुसं काळी पडली. दारातल्या टपालपेटीपर्यंत जाताना तो दोनदा थांबायचा. त्याच्या भरपाईचा अर्ज सरकारी कचेरीत सहा वर्षं पडून होता. शेवटी लोर्नानं आमचे सिनेटर हॉलिस पेम्बर्टन यांना पत्र लिहिलं. अकराव्या दिवशी अर्ज मंजूर झाला. व्हर्जिल गेला तेव्हा सिनेटरनी स्वतःच्या हातानं सांत्वनाचं पत्र पाठवलं. त्यात व्हर्जिलच्या शिकारी कुत्र्याचं नावसुद्धा बरोबर होतं.

मग मुलगा डेल खोकायला लागला. वय एक्केचाळीस, खाण तीच. दवाखान्यात श्वास मोजायचं यंत्र मी चालवतो. डेलचा आकडा दर खेपेला थोडा खाली येत होता.

लोर्ना ग्रंथालयात गेली आणि सिनेटरनी अठरा वर्षांत कशाकशावर काय मत दिलं ते काढून बसली. पूल त्यांनी आणला होता, माजी सैनिकांचा दवाखानाही. खाणीतली धूळ कमी करायचा नियम मात्र तीनदा मतदानाला आला आणि तिन्ही वेळा त्यांचं मत विरोधात. चौथं मतदान पुढच्या महिन्यात होतं. त्याआधी शनिवारी गावात सिनेटरची सभा होती; बोलायचं असेल त्यानं आधी कार्डावर लिहून द्यायचं, आणि वरच्या कार्डापासून एकेकाला बोलावत.

"खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं," नणंद ओपल म्हणाली. "माझ्या भावासाठी केलं त्यांनी एवढं!"

"मीठ मी खाल्लं गं. धूळ माझ्या पोरानं का खायची?"

"मग लिही तसं कार्डावर."

"मागच्या सभेत लिहिलं होतं की. आभाराची कार्डं वर, तक्रारीची तळाला. तळ येईपर्यंत वेळ संपतो."

लोर्नानं पेन उचललं आणि मोठ्या अक्षरांत फक्त आभार लिहिले.

शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा भरली. तिसरंच नाव लोर्नाचं निघालं. सिनेटर स्वतः खाली आले, तिला जवळ घेतलं, माईक हातात दिला. तिनं मनापासून आभार मानले. टाळ्या झाल्या. माईक परत घ्यायला त्यांचा मदतनीस पुढे झाला.

"थांब बाळा, पाचशे पोरांच्या जेवणाची पातेली उचललीत या हातांनी. माईक सहज सुटायचा नाही." हॉल हसला. ती सिनेटरकडे वळली. "साहेब, धुळीच्या नियमाला तुम्ही तीनदा नाही म्हणालात. या खेपेला काय म्हणणार?"

हसू विरलं.

"लोर्नाबाई, नियम कडक केला तर खाणी बंद पडतील. डेलचंच काम जाईल."

"त्याला काम हवंय. श्वासही हवाय."

सिनेटरनी आवाज उतरवला. "डेलचा अर्ज माझ्याकडे पाठवा. मी स्वतः लक्ष घालतो. शब्द देतो."

मागून ओपल कुजबुजली, "घे गं, घे पदरात पाडून!"

 सिनेटर खोटं बोलत नव्हते, हे लोर्नाला ठाऊक होतं. अर्ज त्यांनी खरंच पुढे सरकवला असता.

"नको. अर्ज माणूस आजारी पडल्यावर करतात," ती म्हणाली. मदतनिसानं वेळ संपल्याचं जाहीर केलं.

आता दर सोमवारी सकाळी ती सिनेटरच्या कचेरीत फोन लावते. फोन घेणारी मुलगी तिला आवाजावरून ओळखते, तब्येत विचारते. लोर्नाचं विचारणं एकच: एका व्हर्जिलसाठी ज्यांनी अकरा दिवसांत कचेरी हलवली, ते अजून आजारी न पडलेल्यांसाठी नियमाच्या बाजूनं मत का देत नाहीत?