सहीच्या वरची ओळ

दीपालीने फक्त चार ओळी मागितल्या होत्या. "काका, पप्पांच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या वेळी, त्यांचा परिचय वाचायचाय. त्यांच्या कामाचं आम्हाला कुणालाच नीट सांगता येत नाही. तुम्हीच लिहा." ती हिंजवडीहून कंपनीच्या बसमधून बोलत होती, मागे हॉर्नचा कल्लोळ. मी हो म्हणालो. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? मग चार दिवस नारायण पेठेतल्या आमच्या घरी कागद पुढ्यात घेऊन बसलो. जन्म, शिक्षण, नोकरी इथपर्यंत झकास जमलं. त्यानंतर पेन हलेना.

तर दीपालीचे पप्पा, कचरू ओव्हाळ. आज मी त्यांना कचरूभाऊ म्हणतोय. कंपनीत अकरा वर्षं नुसतं 'कचरू' म्हणालो, तेही अरे-तुरे करून. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, आणि मला 'साहेब' म्हणायचे. त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

जन्म येरवड्यातला, एकोणीसशे त्रेसष्टचा. त्यांच्या आधीची दोन भावंडं आठवड्याच्या आत गेली होती. दोन्ही अपुऱ्या दिवसांची, दोन्ही थंडीतली. वडील दीक्षा घेतलेले, जुन्या समजुतींच्या ठाम विरोधात. पण आजीने कुणाचं ऐकलं नाही. तिसरं बाळ झालं तसं तिने त्याला उचललं, उकिरड्याजवळ क्षणभर ठेवलं, परत घेतलं आणि नाव ठेवलं कचरू. कचऱ्यावर कुणाची नजर पडत नाही, एवढाच त्यातला विचार. शाळेत ह्या नावाचा जो काय छळ व्हायचा तो झाला. दाखल्यावर नाव बदलून घ्या असं मास्तरांनी सुचवलं, तर हे म्हणाले, "नको. ह्याच नावानं जगलोय."

औंधच्या आयटीआयमधून वायरमन झाले आणि धायरीच्या आमच्या शेडमध्ये लागले. आम्ही नवजात बाळांसाठी वॉर्मर बनवतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ज्याच्याखाली ठेवतात, वर हीटर, खाली गादी, बाळाच्या अंगाला लावायचा सेन्सर. आता कचरूभाऊंनी ही नोकरी का धरली आणि तीस वर्षं का सोडली नाही, हे मी सांगायला नको. त्यांनीही कधी सांगितलं नाही. दोन भावंडांचं मला दीपालीकडून कळलं, तेही परवा.

यंत्रात चिप आली तसं त्यांचं काम बदललं. प्रोग्राम मी लिहायचो. पण माणसाने लिहिलेला प्रोग्राम चिपला कळत नाही, तो तिच्या भाषेत करून देणारा दुभाषी लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. त्याला काळ्या पडद्यावर एका ओळीत हुकूम द्यायचा, हे कचरूभाऊंचं काम. अमुक फाईल घे, आणि पुढे आडव्या रेघा मारून एकेक अक्षर, म्हणजे काम कसं करायचं त्याच्या सूचना. हे ऑप्शन आमच्याकडच्या पदवीधर पोरांना विचारा, निम्म्यांना ठाऊक नसतात. जुनी ओळ चिकटवायची आणि एंटर मारायचा, संपलं. कचरूभाऊंनी मात्र दोनशे पानी वही केली होती. एकेक ऑप्शन मला विचारायचे, टाकून बघायचे, काढून बघायचे आणि मग स्वतःच्या शब्दांत लिहायचे.

ती वही मी पाहिली आहे. '-c : नुसतं कर, जोडू नको.' '-o : बाळाचं नाव', म्हणजे तयार होणाऱ्या फाईलचं. '-g : खुणा ठेवत जा, मागे यावं लागेल.' '-Wall : सगळं बोल.' त्याच्याखाली '-Wextra : अजून काही राहिलं असेल तर तेही बोल.' आणि '-w : तोंड बंद.' एक मोठा डब्ल्यू आणि एक छोटा डब्ल्यू. मोठ्याने कंपायलर प्रोग्राममधल्या सगळ्या संशयास्पद जागांचे इशारे देतो. छोट्याने तो एक अक्षर बोलत नाही, निमूट काम उरकतो. त्या वहीची मी तेव्हा चेष्टा करायचो. चांगली पुस्तकं वाचून आम्हाला जे येत नव्हतं ते त्यांना येत होतं, त्याचा राग असणार.

कंपनीचा एक रिवाज होता. प्रोग्राम तयार झाला, म्हणजे बिल्ड झालं, की एक चिठ्ठी छापायची. वर तारीख, मध्ये कंपायलरला दिलेली ती पूर्ण ओळ, खाली बिल्ड करणाऱ्याची सही. ती यंत्राच्या झाकणाच्या आत चिकटवायची. कचरूभाऊ तिला जन्मदाखला म्हणायचे आणि वाचल्याशिवाय सही करायचे नाहीत.

आमच्या प्रोग्रामात विकत घेतलेला एक जुना भाग होता. त्याच्यामुळे दर वेळी अकरा इशारे यायचे, सगळे निरुपद्रवी. कचरूभाऊंना ते पाठ होते. पडद्यावर बोट फिरवत मोजायचे आणि म्हणायचे, "आले सगळे."

दोन हजार एकवीसच्या जुलैमध्ये एका मोठ्या गिऱ्हाइकाची तपासणी होती. त्यांच्या यादीत एक रकाना होता, 'कंपायलरचे इशारे : शून्य'. सरळ रस्ता म्हणजे अकराही जागा दुरुस्त करायच्या. पंधरा दिवसांचं काम, आणि हातात दोन दिवस. मी काय केलं? आमच्या बिल्डच्या फाईलमध्ये शेवटी एक रेघ मारली आणि छोटा डब्ल्यू लिहिला. पडदा लख्ख झाला. तपासणीच्या बाई खूश, मालक संजय केतकर खूश, सगळ्या शेडला बाकरवडी. तपासणी झाल्यावर ते अक्षर काढून टाकायचं होतं. राहिलं. खरं सांगायचं तर राहू दिलं, स्वच्छ पडदा बघायला बरं वाटत होतं.

कचरूभाऊ तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी आले. "साहेब, हे छोटं डब्ल्यू अजून हाय इथं. अकरा जण गेले कुठं?"

मी मान वर न करता म्हणालो, "का? तुझ्याकडे रजेचा अर्ज देऊन गेले नाहीत वाटतं? सही कर रे बाबा, गाडी खोळंबलीये."

शेड हसली. कचरूभाऊही ओशाळून थोडे हसले आणि त्यांनी सही केली. ह्या एका वाक्याबद्दल मला स्वतःची इतकी चीड येते की काय सांगू! पुणेरी म्हणून मिरवायची ना ही जीभ. पुन्हा त्यांनी मला विचारलं नाही.

सप्टेंबरात नवा सेन्सर आला. त्याच्यासाठी बदल मी केले, घाईत. सेन्सरने उत्तरच दिलं नाही तर तापमानाच्या जागेत काय भरायचं, हे लिहायचं माझ्याकडून राहून गेलं. मोठा डब्ल्यू जागा असता तर त्याने बारावा इशारा दिला असता, की ही जागा न भरताच वापरली जातेय. पण त्याचं तोंड मी शिवून ठेवलं होतं. त्या बिल्डचे सव्वीस वॉर्मर बाहेर पडले. सव्वीस दाखल्यांवर कचरूभाऊंची सही.

डिसेंबरात फोन आला. तालुक्याच्या गावातलं एक छोटं प्रसूतिगृह. तिथे सेन्सरची पिन नीट बसलेली नव्हती. अशा वेळी यंत्राने हीटर बंद करून ओरडायला हवं. आमच्या यंत्राने त्या रिकाम्या जागेत पडलेला कुठला तरी आकडा तापमान म्हणून धरला, बाळ गार आहे असं समजलं आणि हीटर तापवत राहिलं. सिस्टरांनी बाळाला हात लावला म्हणून कळलं. सहा दिवसांची मुलगी होती. वाचली. पाठ भाजली होती.

कचरूभाऊंनी त्या दुपारी कुणाला काही न विचारता छोटा डब्ल्यू काढला आणि बिल्ड केलं. मग छापलेला कागद आणून माझ्यापुढे ठेवला. बारा ओळी होत्या. बाराव्या ओळीखाली त्यांनी पेनने रेघ मारली होती.

दुसऱ्या दिवशी केतकरांच्या केबिनमध्ये आम्ही तिघेच. टेबलावर त्या यंत्राचं झाकण उलटं ठेवलेलं. केतकरांना प्रोग्राममधलं काही कळत नाही, पण चिठ्ठी वाचता येते. "ह्या ओळीत हे डॅश डब्ल्यू काय आहे?"

"त्यानं इशारे बंद होतात, साहेब," कचरूभाऊ म्हणाले.

"मग ते घातलं कुणी?"

कचरूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं, आता साहेब बोलतील अशा खात्रीने. माझी धाकटी तेव्हा बारावीत होती, घराचे हप्ते चालू होते, आणखी दहा कारणं होती. सगळी खरी, आणि एकही कामाचं नाही. मी टेबलाकडे बघत राहिलो.

"खाली सही कुणाची आहे?" केतकरांनी आवाज चढवला.

"माझी," कचरूभाऊ म्हणाले. "वाचून केलेली आहे."

बस्स, एवढंच झालं. उरलेले पंचवीस वॉर्मर परत मागवायला केतकर आढेवेढे घेत होते. तेव्हा मात्र कचरूभाऊ अडून बसले. त्यांनी स्वतः गावोगाव एसटीने फिरून, तीन आठवड्यांत एकेक चिप बदलली आणि प्रत्येक झाकणात नवा दाखला चिकटवला. त्या मुलीला बघायलाही गेले. तिच्या आईला म्हणाले, हे यंत्र मी बनवलंय. ती बाई त्यांना काय बोलली ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. परत आले आणि त्यांच्या हातात कामावरून काढल्याचं पत्र पडलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. निरोप समारंभ नाही, शाल-श्रीफळ नाही. डबा आणि वही घेऊन चारच्या सुमाराला फाटकाबाहेर पडले. मी खिडकीत उभा होतो, खाली गेलो नाही.

त्यांच्या टेबलाचं काम माझ्याकडे आलं. वर्षभरात बढतीही मिळाली. धायरीहून येरवडा तासाभराच्या रस्त्यावर. चार वर्षांत मी एकदाही गेलो नाही. जाऊ, जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं चालायचं. ह्या जानेवारीत कचरूभाऊ गेले. हृदयविकार, बासष्टाव्या वर्षी.

परवाच्या रविवारी विहारात कार्यक्रम होता. पांढरे कपडे, वंदना, समोर त्यांचा फोटो. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी शकूवहिनी आणि दीपाली, मागे शेडमधली माणसं, केतकरसुद्धा आलेले. माझं नाव पुकारलं. खिशात चार ओळी होत्या : मनमिळाऊ, कष्टाळू, कामावर निष्ठा. वाचायला लागलो आणि दुसऱ्याच ओळीला माझंच मला ऐकवेना. कागद घडी करून ठेवला.

"कचरूभाऊंना नोकरीवरून काढलं ते ज्या एका अक्षरापायी," मी म्हणालो, "ते अक्षर मी घातलं होतं. त्यांनी मला विचारलं होतं. मी त्यांची चेष्टा केली. केबिनमध्ये मी गप्प बसलो. त्या बाळाची पाठ माझ्यामुळे भाजली. कचरूभाऊंनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवून सही केली." केतकर माझ्याकडे बघत होते. सोमवारी त्यांच्या केबिनमध्ये काय होईल ते होवो, मला त्याचं आता काही वाटत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर चपला शोधत होतो. शकूवहिनी आल्या. मी हात जोडले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आम्हाला माहीत होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीच घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. दीपाली म्हणत होती, जाऊन मालकांना सांगूया. तर तिला गप्प केलं. म्हणाले, माणूस चांगला हाय, घाबरलाय नुसता. येईल आपणहून सांगायला."

मी एका पायात चप्पल घातली, दुसरी सापडेना.

"चार वर्षं रविवारी कुठं जायचे नाहीत बघा. लग्न असू दे, बारसं असू दे. सकाळीच अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. मी म्हणायची, अहो, चला की. तर म्हणायचे, तू जाऊन ये. साहेब यायचे आणि घराला कुलूप दिसायचं."

शकूवहिनींनी पदराने डोळे पुसले आणि माझी बाजूला पडलेली चप्पल पायाने माझ्याकडे सरकवली.

"आलात रविवारीच," त्या म्हणाल्या. "थोडं लवकर यायचं होतं."