नायलॉन म्हणजे कोणतं जनावर

मुलांनो,

परवा फोनवर थोरल्याने सांगितलं की त्याने दाढीचा नवा ब्रश घेतला, आणि घेताना प्राण्याच्या केसांचा टाळून मुद्दाम कृत्रिम धाग्यांचा घेतला. सांगण्याचा सूर असा होता की घराण्यात ही गोष्ट पहिल्यांदाच घडते आहे. धाकटीने मागून त्याला शाबासकीही दिली. फोनवर मला घाई होते, आणि नीट सांगायची गोष्ट घाईत सांगितली की तिचं भजं होतं. तर आता नीट सांगते. हा निर्णय आपल्या घरात तुमच्या आईवडिलांच्या जन्माआधीच झाला. तो तत्त्वासाठी झाला नाही, गरम जेवणासाठी झाला, आणि एका कुत्र्याच्या साक्षीवर झाला. तो प्रसंग पाहिलेल्यांपैकी आता मी एकटीच राहिले आहे, म्हणून लिहून ठेवते.

माझं लग्न होऊन मी नागपूरहून गडचिरोलीला आले तेव्हा गडचिरोली म्हणजे चांदा जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव होतं. चंद्रपूर हे नाव तेव्हा कोणी घेत नसे, चांदाच म्हणायचे. तुमचे आजोबा जंगल खात्यात नोकरीला होते. घरात आम्ही दोघं आणि त्यांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना बाई म्हणत असे. त्या मला पोरी म्हणत, आणि पाहुण्यांसमोर ‘आमची इंग्रजी सूनबाई’. मी कॉलेजात शिकलेली होते याचा त्यांना अभिमान होता की तक्रार, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आजोबांच्या दाढीचा थाट तुम्ही पाहिला नाहीत. सकाळी अंगणातल्या कडुनिंबाच्या खिळ्याला आरसा लागायचा. पाट, पितळेची वाटी, गरम पाण्याचा तांब्या, पंचा, सगळं मांडून झालं की ब्रश यायचा. हा ब्रश त्यांनी एका साहेबाकडून घेतला होता. साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा त्याने सामान विकलं. इतरांनी खुर्च्या घेतल्या, कंदील घेतले, यांनी ब्रश घेतला. पांढुरक्या, मऊ केसांचा, मध्ये काळा पट्टा, हस्तिदंती रंगाची दांडी. चेहऱ्यावर फेस चढला की ते डोळे मिटून घेत. सासूबाई परसातून भाजी घेऊन जाताना म्हणायच्या, “समाधी लागली का बाबू? हापिसाले जाशील का हिमालयात?”

सासरे गेल्यापासून सासूबाईंनी मांसमच्छी सोडली होती. घरात त्यांचं राज्य चुलीपुरतं होतं, पण चुलीपुरतं पक्कं होतं. आजोबा एकुलते एक. लहानपणापासून त्यांचा पाट चुलीशेजारी. लाखोरीच्या डाळीचे वडे कढईतून थेट त्यांच्या ताटात पडायचे, बोटं भाजत खायचे, आणि आई बघत बसायची. सकाळचं फेसाचं सुख त्यांना किती प्रिय होतं ते सांगितलं. दुपारचं हे सुख त्याहून प्रिय होतं. या दोन सुखांची एकमेकांशी गाठ पडेल असं कोणालाही वाटलं नसतं.

ती पाडली कुत्र्याने. भामरागडकडच्या दौऱ्यावर असताना एका गावकऱ्याने आजोबांना पिल्लू दिलं होतं. शिकारी कुत्र्यांच्या वंशातलं, अंगाने काटक, नाकाने तिखट. ओट्यावर झोपायचं, घरात पाय ठेवायचं नाही, चपला कधी चावल्या नाहीत. एका पावसाळी सकाळी आजोबा पंचा आणायला आत गेले आणि बाहेर येऊन बघतात तर वाटीत ब्रश नाही. कुत्रं परसात केळीखाली. पुढचे दोन्ही पाय ब्रशावर रोवलेले, मानेवरचे केस ताठ, आणि त्या ब्रशाकडे बघून गुरगुरणं चाललेलं. रानात डुकराला घेरल्यावर गुरगुरतात, तसं.

ब्रश कसाबसा सोडवला. पण सासूबाई दारात उभ्या होत्या.

“काऊन रे बाबू, हे कोनत्या जनावराचे केस हायेत?”

“जनावराचे कायचे माय? ब्रश हाय तो.”

“कुत्रं उगाच नाई गुरगुरत. वहाणेवर गुरगुरलं का कधी? झाडूवर? डुकराचे दिसतेत मले.”

“डुकराचे नाई,” आजोबा म्हणाले. इथे त्यांनी थांबायला हवं होतं. पण साहेबाच्या ब्रशाला डुकराचा म्हणवून घेणं त्यांना सोसवेना. “भारी जनावराचा हाय. दांडीवर लिहून हाय इंग्रजीत. विचार तुझ्या सुनेले.”

दांडी माझ्या हातात आली. अक्षरं झिजली होती पण वाचता येत होती. मी वाचलं, “प्युअर बॅजर.”

“म्हंजे कोन?”

आजोबा आईच्या पाठीमागून मला खुणा करत होते. त्यांचा अर्थ मला आजही लागलेला नाही. बहुधा हरीण म्हण, असं असावं. पण मला शब्दाचा अर्थ विचारला होता आणि तो मला येत होता. मी म्हटलं, “बिज्जूच्या जातीचा प्राणी, बाई.”

तुम्हाला बिज्जू माहीत नसेल. आपल्या रानात असतो, ठेंगणा, नख्या मोठ्या, रात्री जमीन उकरतो. आणि आपल्याकडे लहानथोर सगळे सांगतात की तो मसणात जाऊन पुरलेली प्रेतं उकरून खातो. खरं किती, खोटं किती, ते मी बघायला गेलेली नाही. सासूबाईंना त्यात शंका नव्हती.

त्या दोन पावलं मागे सरकल्या. मग म्हणाल्या, “डुक्कर असतं त परवडलं असतं.”

आजोबांनी समजावलं की विलायतेतला बिज्जू वेगळा, तो मूळं आणि गांडुळं खातो. सासूबाई म्हणाल्या, “तिथी तुह्या सायबानं पाहारा देल्ला होता का रातभर?” आजोबांनी सांगितलं की ब्रश रोज उकळत्या पाण्यात बुडतो. त्या म्हणाल्या, “मुडदा धुतला म्हून पाव्हना होत नाई.” आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळाने आजोबांचा पाट चुलीशेजारून उठून ओसरीवर आला. तो त्यांनी स्वतः आणून ठेवला, आदळला नाही, हळू ठेवला. वर एवढंच बोलल्या, “तो घराबाहेर जाईन त्या दिवशी तू अंदर ये.”

तेव्हापासून आजोबा ओसरीवर जेवू लागले. ताट मी नेऊन द्यायचे. सासूबाई वाढून माझ्या हाती देत आणि कढईकडे तोंड फिरवत. चूल मागच्या अंगाला, ओसरी पुढच्या. वडा तिथे पोचेपर्यंत त्याचा नुसता वडा उरायचा, त्यातली मजा गेलेली असायची. आजोबा कुरकुरीतपणा शोधत चावायचे आणि माझ्याकडे असं बघायचे की जणू मी वाटेत फुंकर घालत आले. त्यातही गंमत अशी, की सासूबाईंनी त्या पावसाळ्यात जितके वडे तळले तितके एरवी वर्षात तळले नसतील. लेक आत यावा म्हणून त्या वास पाठवत होत्या. आणि लेक ओसरीवर वास घेत हट्टाने बसला होता. ब्रश टाकायला एक क्षण पुरला असता. मी तसं म्हटलंही. “तत्त्वाचा प्रश्न आहे,” ते माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलले. पुस्तकी बोलले की समजायचं, मुद्दा संपला आहे.

एका संध्याकाळी ते ओसरीवरून एकदम उठून उभे राहिले. चेहरा उजळलेला. मला बाजूला बोलावून हळू आवाजात म्हणाले, “सापडलं. कुत्रं ब्रशासाठी आलंच नव्हतं. साबणासाठी आलं होतं. ब्रशाला फेस होता ना? दाढीच्या साबणात चरबी असते. तू रसायनशास्त्र शिकलीस, तू सांग मायला. तुझं ऐकेल ती.”

मी म्हटलं, “सांगते. साबणात चरबी असते हे खरं आहे.”

“मग जा ना.”

“कोणाची चरबी, असं विचारलं तर काय सांगू?”

डुकराची की गाईची, हे वडीवरच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं आणि आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. गाईची निघाली असती तर पाट ओसरीवरही राहिला नसता, रस्त्यावर गेला असता. आणि आंघोळीचा साबण, तोही त्याच वाटेने.

“सांगू का?” मी पुन्हा विचारलं.

“नको,” ते म्हणाले. खाली बसले. मग म्हणाले, “कुत्र्याला ब्रशच हवा होता. मीच पाह्यलं.”

असा तो खटला निकालात निघाला. साबण वाचवण्यासाठी ब्रशाचा बळी द्यायचं ठरलं. पण बिनब्रशाने हाताने फेस लावायला ते तयार नव्हते, त्यामुळे नवा ब्रश मिळेपर्यंत ओसरी चालू राहिली. चांद्याच्या वाटेवरच्या वैनगंगेला पूर होता, नाव बंद होती. पाणी उतरल्यावर ते कामाने चांद्याला गेले आणि ओळखीच्या दुकानात शिरले. दुकानदार मुसलमान होता, अत्तर, कंगवे, आरसे विकायचा. आजोबांनी सगळी हकिगत सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, “भाऊ, डुकराच्या केसाचा ब्रश मीबी ठेवत नाई, आमचे अब्बा दुकानात पाय ठेवाचे नाईत. हा घ्या, नायलॉनचा. यात ना तुमच्या मायची अडचन, ना माह्या अब्बाची.”

आजोबा तो घेऊन आले. पांढराशुभ्र, हिरव्या दांडीचा, केस तारांसारखे ताठ. तो सासूबाईंसमोर ठेवला.

“हा कोनाचा?”

“नायलॉनचा हाय माय.”

“नायलॉन म्हंजे कोनतं जनावर?”

“जनावर नाई. कारखान्यात बनते. दगडी कोळशापासून.”

हे मीच त्यांना सांगून ठेवलं होतं. मासिकात वाचलेलं, कोळसा, हवा आणि पाणी एवढ्यावर नायलॉन तयार होतं. सासूबाईंनी तो पांढरा ब्रश उलटसुलट पाहिला. कोळसा त्यांना ठाऊक होता, जिल्ह्यात खाणी होत्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. “पोरी, हा शिकला सवरला. आन आता रोज सकाळी पैसे देऊन तोंडाले कोळसा फासून राह्यला. लोक फुकटात फासून देतेत.”

पण परवानगी त्यांनी लगेच दिली नाही. कुत्र्याला बोलावलं. आजोबांनी ब्रश कोरडा धरला होता, साबणाची सावलीसुद्धा पडू दिली नव्हती. कुत्रं आलं, ब्रशाला नाक लावलं, जोरात शिंकलं आणि जाऊन कडुनिंबाखाली पडलं.

“नाई,” सासूबाई म्हणाल्या. “यात जीव नव्हता कधी.” पाट त्यांनी स्वतः उचलला. “हात धू. तेल तापून राह्यलं.”

त्या दुपारी त्यांनी वाढलं आणि आजोबांनी इतकं खाल्लं की मला वाटलं तत्त्वाचा प्रश्न आता वैद्याकडे जाणार. दोघंही एकमेकांशी पावसाविषयी बोलत होती. साहेबाचा ब्रश संध्याकाळी आजोबांनी कठाणी नदीत सोडला. अस्थी सोडाव्यात तशा गंभीर चेहऱ्याने सोडला आणि घरी येऊन पाय धुतले. मी विचारलं, पाय का? तर म्हणाले, “माय विचारेल.”

नायलॉनचा ब्रश चांगला होता असं मी म्हणणार नाही. तो पाणी धरत नसे, फेस कोपरापर्यंत ओघळायचा, आणि गालाला टोचायचा. “चेहऱ्याला झाडू मारतोय,” असं आजोबा पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिले. पण दुसरा त्यांनी कधी आणला नाही. बढती झाल्यावर कचेरीतल्या एका मित्राने बॅजरचा ब्रश भेट दिला, तो त्यांनी आभार मानून तिथेच एकाला देऊन टाकला. डोळे मिटून फेस लावणं मात्र संपलं. सासूबाई गेल्यावर मी एकदा म्हटलं, आता घ्या हवा तो. ते म्हणाले, “सवय झाली टोचायची.” चुलीऐवजी तेव्हा घरात गॅस होता, आणि वडे मी तळत होते.

तो ब्रश आहे. हिरव्या दांडीला तडा गेला आहे, केस पिवळे पडले आहेत, पण गळलेला एकही नाही. देवघरातल्या समईच्या खाचा मी त्याने घासते.