चंपीच्या वाटचं तेल

आत्या गेल्याचा निरोप आला आणि मला आधी हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू? दीड महिना झाला त्याला. म्हसळ्याकडच्या आमच्या गावी दिवसांना गेले, तर जो तो मला सांगत होता, "काय माया होती गं तिची तुझ्यावर! पोटच्या पोरीसारखं केलं." मी मुकाट मान हलवत होते. पोटच्या पोरीसारखं... कप्पाळ! पोटच्या पोरीचं तिला करता आलं नाही, ते माझ्यामुळे.

नवरा गेल्यावर आत्या भावाच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या घरी आली, ती लहानग्या चंपीला कडेवर घेऊन. बाबा मुंबईला गिरणीत, त्यामुळे घरात शब्द आईचा. ही गोष्ट त्यानंतरची, स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी आठ वर्षांची, चंपी सहा. दोघींना एकदमच विषमज्वर झाला. ताप उतरला तेव्हा दोघींच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. डॉक्टर म्हणाले, "आत्ता भात फार जाणार नाही पोटात. जे चार घास जातील त्यांत दोन चमचे गोडं तेल कालवा. लवकर अंग धरतील पोरी." 'पोरी' म्हणाले ते, मी अंथरुणातून ऐकलं होतं. आईनं मात्र एकीपुरतंच ऐकलं. तेल बेताचं होतं हे खरं, पण आईचं मनही बेताचंच.

वाढायची आत्याच. माझ्या भातावर तेल सोडायची, आणि शेजारी चंपी कोरडा भात चिवडत बसलेली. मी भरत गेले, चंपीचे गाल आत आत गेले. एक दिवस आई मागच्या विहिरीवर होती. आत्या माझ्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "बाय, आजच्या दिस तुजं तेल चंपीला देऊ? आयेला सांगू नको हां..."

मी भोकाड पसरलं. "आये, आत्या माजं तेल चंपीला देते!" भूक वगैरे काही नव्हती हो मला. द्यायचं नव्हतं, बस्स.

आई कळशी टाकून धावत आली. "वन्सं, खाल्ल्या घरचं वासं मोजता? माज्या पोरीच्या तोंडचं काढता?" तेलाची बुधली फडताळात गेली आणि फडताळाला कुलूप लागलं.

चंपी पंधरा दिवसांनी गेली. तेलानं वाचली असती का, देव जाणे. डॉक्टरांना कुणी विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी आईनं बुधली परत चुलीपाशी आणून ठेवली. आता चोरणार कुणासाठी! त्या दुपारी आत्यानंच मला वाढलं, तेल घालून.

लग्नानंतर मी माहेरी गेले की वाढायला तीच. "पुरे गं आत्या," म्हटलं तरी हात थांबायचा नाही, भात तेलात बुडायचा. आणि माझा शेवटचा घास होईपर्यंत ती समोर मांडी घालून बसायची. लोकांना वाटायची ती माया. गेल्या शिमग्याला एकदाचं माझ्या तोंडून निघालं, "आत्या, चुकलं गं माझं. लहान होते मी..."

तिनं बुधली उचलून माझ्या ताटात आणखी तेल ओतलं.

"खा बाय," म्हणाली, "तुजंच हाय."